वर तोडफोड, खाली संसार: राहत्या इमारतीत काम काढताना भाडेकरूंना कसं जपावं

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत, हे मला कामाच्या अकराव्या दिवशी कळलं. त्यांची सून धावत जिना उतरली आणि मुकादमाला म्हणाली, "दादा, लाइट आत्ताच्या आत्ता चालू करा." तिसऱ्या मजल्यावरची वायरिंग बदलायची म्हणून आम्ही मेन पाडला होता. दहा मिनिटांचंच काम, म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. मेन वर केला, मशीन सुरू झालं, आजी सावरल्या. मग सूनबाईंनी मला मशीनच्या मागची जाळी काढून दाखवली. ती करड्या धुळीने गच्च भरली होती. आम्ही वर दार लावून फरशी फोडत होतो, आणि धूळ पाइपांच्या डक्टमधून थेट त्यांच्या खोलीत उतरत होती.

चूक माझी होती, कारण साइट इंजिनिअर मी होते. माझ्याकडे नकाशे होते, कामाचं वेळापत्रक होतं, मालाची यादी होती. इमारतीत कोण राहतं, याचा एकही कागद नव्हता. त्यानंतर राहत्या इमारतीतलं प्रत्येक काम मी त्या कागदापासून सुरू करते. पुढचं सगळं मालक, ठेकेदार आणि सुपरवायझर यांच्यासाठी आहे. भाडेकरूंनीही वाचावं. काय मागायचं हे ठाऊक असलं की मागता येतं.

आधी दारं वाजवा

पहिला घाव घालण्याआधी किमान दोन आठवडे प्रत्येक घरी जा. फॉर्म दाराखालून सरकवून येऊ नका. आत बसा, बोला आणि स्वतः लिहून घ्या. संध्याकाळी जा, कारण दिवसा निम्मं घर बाहेर असतं.

कोणाला दमा आहे का? विजेवर चालणारं औषधोपचाराचं मशीन आहे का? इन्शुलिनसारखं फ्रीजमध्ये ठेवायचं औषध आहे का? लहान मुलं किती वर्षांची? घरात कोणी गरोदर आहे का? जिना उतरताना कोणाला धरावं लागतं का? कमी ऐकू येणारं कोणी आहे का, म्हणजे आगीचा अलार्म वाजला तर त्यांचं दार कोण ठोठावणार? रात्रपाळीचं कोणी आहे का? पलंग कोणत्या भिंतीला लागून आहे? नोटीस कोणत्या भाषेत लावली तर वाचता येईल, आणि वाचता न येणारं कोणी घरात एकटं असतं का?

पहिल्या भेटीत लोक खरं सांगत नाहीत. आपला आजार परक्याला का सांगावा, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. म्हणून का विचारतोय ते आधी सांगा, आणि आठवड्याने पुन्हा जा. एक काका पहिल्यांदा "आम्हाला काही त्रास नाही" म्हणाले. दुसऱ्या भेटीत कळलं की ते वॉचमन आहेत, सकाळी आठला घरी येतात आणि दुपारी दोनपर्यंत झोपतात. त्यांच्या खोलीच्या डोक्यावरचा ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं मशीन, आम्ही दोननंतर चालवला. सकाळी त्याच गड्यांनी दुसऱ्या टोकाचं प्लास्टर काढलं. कामाचा एक दिवसही वाढला नाही.

ही माहिती एका वहीत ठेवा, दर घराला एक पान. वही सुपरवायझरकडेच राहील. ती ऑफिसच्या भिंतीवर किंवा कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

योजना लिहा, आणि मोजता येईल अशी लिहा

न्यूयॉर्क शहरात लोक राहत असलेल्या इमारतीत काम काढायचं तर परवानगी मागताना भाडेकरू संरक्षण योजना द्यावी लागते. बाहेर पडण्याच्या वाटा, आग, धूळ आणि आरोग्य, बांधकामाची मजबुती, आवाज, पाणी-वीज-उष्णता यांसारख्या सेवा, या सगळ्याचं काय करणार ते तीत सांगायचं असतं. तुमच्या गावचा कायदा हे मागो न मागो, हे मुद्दे घ्या आणि योजना लिहून काढा. तिची प्रत तळमजल्यावर सर्वांना दिसेल अशी लावा. तिच्यावर अशा माणसाचा फोन नंबर द्या, जो रात्री अकरालाही उचलेल.

मी पाहिलेल्या बहुतेक योजना मात्र एकाच वाक्यावर भागवतात: "धूळ व आवाज नियंत्रणात ठेवण्यात येईल." हे वाक्य पाळलं की मोडलं, ते कोणीच सांगू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा: "तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये दोन पदरी प्लास्टिक पडदा. कापकाम पाणी मारूनच. पॅसेज रोज पाच वाजता ओल्या फडक्याने पुसणार." मग पाच वाजता पॅसेज पुसलेला नसेल, तर पहिल्या मजल्यावरची ताईसुद्धा बोट दाखवू शकते.

जिना हा गोदाम नाही

सिमेंटची पोती, टाइलचे खोके, दाराच्या चौकटी, सगळं जिन्याच्या वळणावर येऊन बसतं, कारण तिथे जागा असते. "तासाभरात उचलतो" म्हणतात आणि पोतं चार दिवस तिथेच राहतं. माझा नियम एकच आहे: जिन्यात आणि पॅसेजमध्ये काहीही ठेवायचं नाही, एका तासासाठीही नाही. जिन्याची अग्निरोधक दारं विटेचा तुकडा लावून उघडी ठेवायची नाहीत. ती दारं धूर अडवण्यासाठी असतात, आणि आगीत माणसं बहुतेक वेळा धुरानेच जातात. इमारतीला दोन जिने असतील आणि एकाचं काम असेल, तर दुसरा आधी तपासा. त्याची कुलपं काढा, दिवे लावा आणि वाट कुठून ते प्रत्येक घराला चालून दाखवा. एकच जिना असेल तर तो तोडायचा विचार लोक राहत असताना करूच नका.

हाँगकाँगमधल्या वांग फुक कोर्टचं नाव मी प्रत्येक नव्या ठेकेदारापुढे काढते. तिथल्या आठ उंच इमारतींची दुरुस्ती चालू होती आणि लोक आत राहत होते. बाहेर बांबूची परांची, तिच्यावर जाळी, आणि खिडक्यांवर लावलेले फोमचे बोर्ड. २६ नोव्हेंबर २०२५ ला आग लागली आणि आठपैकी सात इमारतींत पसरली. दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथले अलार्म नीट वाजले नव्हते, असं अग्निशमन विभागाने सांगितलं. दुरुस्तीसाठी लावलेल्या वस्तूंनीच आग वर चढवली, हे लक्षात घ्या.

म्हणून परांचीवरची जाळी आणि ताडपत्री आग न धरणारीच घ्या. प्रमाणपत्र मागाच, शिवाय आलेल्या मालाचा हातभर तुकडा कापून इमारतीपासून दूर, मोकळ्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवून काडी लावून बघा. ज्वाळा धरून जळत राहिला तर सगळा माल परत पाठवा. खिडक्या थर्मोकोल किंवा फोमने झाकू नका. प्लास्टिक लावावंच लागलं तर फक्त त्या दिवसापुरतं, त्या घराला सांगून, आणि आतून ओढलं की निघेल असं.

खिडकी झाकताना आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. गॅस गीझरचा धूर बाहेर सोडणारा पाइप त्याच भिंतीत असतो. रंगकाम करणारा पोरगा सगळ्या भिंतीवर प्लास्टिक ताणतो आणि त्या पाइपाचं तोंड बंद होतं. मग आत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेला माणूस तिथेच कोसळतो. प्लास्टिक लावण्याआधी बाहेरच्या भिंतीवरचं प्रत्येक भोक खडूने खुणा करून घ्या, आणि कोणतं कोणाच्या घराचं ते आत जाऊन बघून या. जनरेटर लावला तर त्याचा धूरही कोणाच्या खिडकीखाली नको.

वेल्डिंग, ग्राइंडर, गॅस कटर चालवायचे असतील तर त्या दिवसाची लेखी परवानगी सुपरवायझरने द्यावी. आजूबाजूचं जळेल ते हलवा, शेजारी अग्निशामक ठेवा. काम थांबल्यावर एक माणूस तिथे नुसता बसवा. ठिणगी भुश्श्यात किंवा फटीत पडली की आधी धुमसत राहते आणि बऱ्याच उशिराने पेट घेते. वेल्डिंगसारख्या कामातली आग टाळण्यासाठी असलेल्या अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी या मानकात ही पाळत आधी किमान अर्धा तास होती, २०१९ च्या आवृत्तीत ती एक तास केली. म्हणजे सहाला जागा सोडायची तर वेल्डिंग पाचला बंद.

अलार्मच्या सेन्सरवर धूळ जाऊ नये म्हणून टोपी किंवा पिशवी चढवतात. चढवायला हरकत नाही. फक्त सकाळी किती चढवल्या ते लिहा आणि संध्याकाळी तितक्याच उतरवा.

धूळ

या बाबतीत सर्वात जास्त फसवणूक होते, आणि आपण स्वतःचीच करून घेतो. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते, पुसता येते. काँक्रीट, वीट, टाइल, दगड कापताना जी सिलिकाची बारीक धूळ उडते, तिचे फुप्फुसात खोल जाणारे कण दहा मायक्रॉनहून लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर अंदाज येईल. ही धूळ तासन् तास हवेत राहते. १९९७ साली आयएआरसी या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने श्वासातून जाणारा स्फटिक सिलिका माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला. आपले कामगार आठ तासांनी घरी जातात. वर-खाली राहणाऱ्या बाळाला चोवीस तास तीच हवा घ्यावी लागते.

पहिला उपाय पाण्याचा. टाइल कटर आणि कोअर कटरला (काँक्रीटमध्ये गोल भोक कापणारं मशीन) पाणी चालू ठेवा, म्हणजे बरीचशी धूळ उडायच्या आधीच चिखल होते. फक्त ते पाणी खालच्या घराच्या छतात झिरपू देऊ नका, आणि मशीनला अर्थलीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, असल्याशिवाय ओल्यात चालवू नका.

दुसरा उपाय पडद्याचा, आणि तो नीट लावायला हवा. कामाच्या खोलीच्या चौकटीत जाड प्लास्टिकची एक शीट वरून, बाजूंनी, खालून टेपने पक्की चिकटवा. तिला मधोमध उभी चीर द्या, माणूस वाकून जाईल इतकी. त्यावर दुसरी शीट फक्त वरून चिकटवून चिरेवर लोंबती सोडा. मग खोलीच्या खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा, आणि त्याच्या तोंडासमोर शेजाऱ्याची खिडकी नाही ना ते पाहा. आता टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी चिरेजवळ धरा. पट्टी आत, कामाच्या खोलीकडे झुकली, तर हवा पॅसेजमधून आत जाते आहे आणि धूळ बाहेर येणार नाही. पट्टी सरळ लटकली किंवा तुमच्याकडे आली, तर कुठेतरी फट आहे. ती सापडेपर्यंत ब्रेकरला हात लावायचा नाही. ही परीक्षा मी रोज सकाळी घेते. एक मिनिट लागतं.

आणि डक्ट विसरू नका, मी विसरले होते. पाइप जिथून स्लॅब पार करतात त्या मोकळ्या जागा, जुन्या वायरिंगचे पाइप, एक्झॉस्टची भोकं, सगळी बंद करा. रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेला न पेटणारा कापूस, ठासा आणि वरून टेप लावा. स्प्रेचा साधा फोम भरू नका, तो पेटतो. त्यानंतर खालच्या घरात जा, बाथरूमचा दिवा घालवा आणि वरच्या माणसाला डक्टपाशी टॉर्च मारायला सांगा. उजेड दिसला तर तिथून धूळही येईल.

कोरडा झाडू साइटवर बंद. तो बसलेली धूळ पुन्हा उडवतो. साधा व्हॅक्यूमही बारीक कण मागून बाहेर फेकतो. हेपा फिल्टरचा घ्या, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. तो नसेल तर पाणी शिंपडा आणि ओलं पुसा.

जुन्या इमारतीत दोन गोष्टींपुढे थांबायचंच. एक, जुन्या रंगातलं शिसं. अमेरिकेत घरांच्या रंगात ते १९७८ पर्यंत वापरात होतं, आणि इतर अनेक देशांत त्यानंतरही. शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोटं तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना त्याचा धोका सर्वात जास्त. असा रंग कोरडा घासू नका, जाळून काढू नका. दुसरी, ॲस्बेस्टॉस, ज्याचे बारीक तंतू श्वासातून गेले तर कर्करोग होऊ शकतो: जुने सिमेंटचे पत्रे, जुने सिमेंटचे पाइप, गरम पाइपांभोवतीचं वेष्टन. शंका आली की काम थांबवून नमुना तपासायला द्या. त्या चार दिवसांच्या उशिरावर माझ्याशी मालक भांडले आहेत. मी ऐकलेलं नाही.

टेकू कुठे उभा राहणार?

तिसऱ्या मजल्याचा बीम दुरुस्त करायचा, म्हणून दुसऱ्या मजल्यावर टेकू लावले. मग दुसऱ्या मजल्याच्या जमिनीवर तो भार आला, आणि ती जमीन म्हणजे पहिल्या मजल्याचं छत. म्हणून टेकू बहुधा एका रेषेत खालच्या मजल्यांवरही न्यावे लागतात. कुठपर्यंत, ते स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो, मुकादम नाही. ते कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत उभे राहणार असतात. त्या घराला आधी रेखाटन दाखवा, सामान तुमच्या माणसांनी हलवा, टेकूखाली फळी द्या, कोपऱ्यांना जाड फडकं गुंडाळा, आणि किती दिवस ते लिहून द्या. टेकूला कोणी हात लावू नये हे लहान मुलांनाही बसून समजावा. मुलं ऐकतात, कारण सांगितलं तर.

राडारोड्याचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. घराचा स्लॅब राहण्याच्या भारासाठी साधारण दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो धरून करतात. फूटभर उंचीचा विटा-काँक्रीटचा ढीग तेवढ्याच जागेवर साडेतीनशे किलोंच्या पुढे जातो. खोलीच्या मध्यावर ढीग रचू नका, रोजचा माल रोज उतरवा. गोण्या जिन्यावरून घसटत नेऊ नका. राडारोडा खाली सोडायला बाहेरून बंद नळकांडं लावा आणि खालची जागा चारी बाजूंनी बंद करा.

पाणी, वीज, आवाज

बंद करायचं असेल तर दोन दिवस आधी लेखी कळवा, आणि आदल्या संध्याकाळी दारावर जाऊन सांगा. वेळ दोन्ही टोकांची द्या: दहा ते एक. एकला झालं नाही तर काय, तेही त्याच कागदावर लिहा. पाणी बंद असताना प्रत्येक मजल्यावर भरलेली पिंपं ठेवा, संडासाला लागतंच. वीज बंद करण्याआधी वही उघडा. मशीनवरचा माणूस असेल त्या घराला वेगळी लाइन किंवा बॅटरी मिळाल्याशिवाय मेनला हात नाही.

बरेच दिवस बंद राहिलेल्या पाइपांत पाणी साचून राहतं. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यात न्यूमोनिया करणारा लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो, आणि तो शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. लाइन सुरू केली की प्रत्येक नळ काही मिनिटं वाहू द्या. शॉवरची जाळी काढून ठेवा.

आवाज पूर्ण थांबत नाही. तो केव्हा होणार हे माहीत असलं तर सोसवतो. मोठ्या आवाजाचे तास आठवड्याआधी जाहीर करा, दुपारी दोन तास शांत ठेवा, आणि जिथे जमेल तिथे ब्रेकरऐवजी कोअर कटर वापरा. त्याचा हादरा स्लॅबमधून कमी जातो.

परांची आणि खिडकी

परांची म्हणजे प्रत्येक खिडकीपर्यंतची शिडी, चोरालाही. सगळ्यात खालची शिडी रोज संध्याकाळी काढून कुलपात ठेवा. कामगारांना फोटोचं ओळखपत्र द्या. आणि "उद्या सकाळी नऊपासून तुमच्या खिडकीबाहेर माणसं असतील" हे आदल्या दिवशी सांगा. सहाव्या मजल्यावरच्या बाईला आपल्या खोलीच्या खिडकीत अचानक परका पुरुष दिसणं काय असतं, ते मला कोणी समजावायला लागलं नाही.

काम हेच हत्यार असेल तर

हे लिहायलाच हवं, कारण मी ते जवळून पाहिलं आहे. काही ठिकाणी काम दुरुस्तीसाठी काढलेलंच नसतं. पाणी "चुकून" तुटतं, जिन्याचा दिवा महिनाभर येत नाही, रिकाम्या झालेल्या घराची दारं-खिडक्या काढून तसंच उघडं सोडतात, आणि उरलेले भाडेकरू कंटाळून निघून जातात. एका मालकाने मला सांगितलं होतं, घाई करू नका, धूळ होऊ द्या. ते काम मी सोडलं. तिथल्या कुटुंबांना तेव्हा मी आणखी मदत करायला हवी होती, असं आज वाटतं.

भाडेकरूंनो, पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा. तारीख, वेळ, काय बंद झालं, किती तास, कोणाला सांगितलं. काम सुरू होण्याआधीच आपल्या घराच्या प्रत्येक भिंतीचे आणि छताचे फोटो काढा, तडा आधीचा की नंतरचा हा वाद मिटतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. एकेकट्याने जाण्यापेक्षा चार घरांनी मिळून सही करा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच तक्रारी केल्या होत्या, त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. म्हणून उत्तर आलं नाही तर बांधकाम परवानगी देणाऱ्या खात्याकडे आणि अग्निशमन दलाकडे थेट जा. थोडे दिवस घर सोडावं लागणार असेल, तर परत कधी, त्याच घरात का, भाडं तेच का, हे कागदावर आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

संध्याकाळची फेरी

कामगार गेले की मी वरून खाली एकटी चालत येते. गच्चीचं दार उघडतं का? सेन्सरच्या टोप्या उतरल्या का? वेल्डिंगची जागा हाताला गार लागते का? उघडी वायर, उघडं भोक, अडलेलं दार? पाण्याचा नळ सोडून बघते, जिन्याचा प्रत्येक दिवा लावून बघते. पॅसेजच्या कठड्यावरून बोट फिरवते, पांढरं झालं तर पुन्हा पुसायला लावते. शेवटी वहीत ज्यांची नावं ठळक आहेत त्या दोन-तीन दारांवर थांबून विचारते, "आज कसं गेलं?" या फेरीला पंचवीस मिनिटं लागतात. ती झाल्याशिवाय मी हजेरीवर सही करत नाही.

काम पूर्ण झालं की हीच फेरी प्रत्येक घराच्या आतून करा. खिडक्या उघडतात का, गीझरचा पाइप मोकळा आहे का, अलार्म वाजवून बघा. आधीचे फोटो आणि आताची भिंत त्या घराच्या माणसासोबत बघा आणि राहिलेली डागडुजी तिथेच लिहून घ्या. ती संपली की वहीतलं त्या घराचं पान फाडून त्यांच्या हातात द्या. आजींचं पान त्यांच्या सुनेने घडी घालून औषधांच्या डब्यात ठेवलं.